मन्मथअप्पा आणि दोन घोड्या

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की लोकांना वाटतं, मी वडिलांचं किंवा एखाद्या गुरुजींचं नाव सांगेन. वडिलांनी पूर्णेच्या स्टेशनात ओझी वाहून मला शिकवलं आणि गुरुजींनी वसतिगृहात जागा मिळवून दिली, हे मी विसरलेलो नाही. पण मी नाव सांगतो ते मन्मथअप्पांचं. ते झरीचे. आमच्या खात्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. त्यांच्यासोबत मी जेमतेम चौदा महिने काम केलं, आणि त्यातल्या एका दिवसामुळे मी आज स्वतःला जनावरांचा डॉक्टर म्हणवून घेऊ शकतो.

मी घरातला पहिला पदवीधर. वयानं मोठं माणूस आत आलं की उठून उभं राहायचं, ही घरची सवय. अप्पा लॉगबुकावर सही घ्यायला आले की मी खुर्चीतून उठायचो. तिसऱ्या दिवशी ते दारातच थांबले.

"डॉक्टरसाहेब, तुमी असं उठाया लागलात तर मला आत येता येईना. बसून सही करा. उठायचंच असलं तर मनातल्या मनात उठा."

अप्पा उंच आणि काटक होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात इष्टलिंग. सकाळची पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत. कितीही लवकर निघायचं असलं तरी पूजा आटोपूनच येत आणि कधी एक मिनिट उशीर करत नसत. रस्त्यावर जनावर आलं की हॉर्न वाजवायचे नाहीत. इंजिन बंद करून उभे राहायचे. मागच्या गाड्या बोंबलायच्या. "भ्यालेलं जनावर नेमकं चाकाखालीच येतंय," एवढंच म्हणायचे आणि जनावर पलीकडे गेल्यावर गाडी सुरू करायचे.

त्यांची आणखी एक खोड होती. लॉगबुकात शेऱ्याचा एक रकाना असतो. बाकीचे ड्रायव्हर तिथं 'निरंक' लिहीत. अप्पा तिथं वाटेत दिसलेली जनावरं लिहीत. 'बोरीच्या अलीकडं हरणं सात. रोही दोन. कोल्हा एक, लंगडा.' रोही म्हणजे नीलगाय. एकदा तपासणीला आलेल्या बाबूंनी चष्मा वर करून विचारलं, "ओ, या हरणांचा आणि डिझेलचा काय संबंध?"

"साहेब, मी त्या रस्त्यानं खरंच गेलतो, याला दुसरा कोण साक्षीदार हाय?" अप्पा म्हणाले. बाबू हसले आणि पान उलटलं.

पण मला त्यांची सर्वांत जास्त आठवते ती बोनेट उघडण्याची पद्धत. चारचौघांत त्यांनी मला कधी टोकलं नाही. काही सांगायचं असलं की जीपपाशी जायचे, बोनेट वर करायचे आणि हाक मारायचे, "साहेब, जरा पाणी बघता का?" मग आम्ही दोघं इंजिनात डोकं घालून उभे राहायचो आणि ते हळू आवाजात बोलायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, गाडी बिघडली. पहिल्यांदा असं झालं ते झरीच्या पुढच्या एका वस्तीवर. एका बाईची म्हैस तपासून मी सवयीनं "उद्या येतो" म्हणालो होतो. उद्या मी येणार नव्हतो, माझी जिल्ह्याला बैठक होती.

बोनेटखाली अप्पा म्हणाले, "ती बाई उद्या शेतात जाणार न्हाई. तुमची वाट बघत म्हशीपाशी बसंल. तिचा रोज बुडंल. येणार असाल तर हो. न्हाईतर आत्ताच माघारी जाऊन सांगा."

मी परत गेलो आणि सांगितलं. बाई म्हणाली, "बरं झालं बाबा, सांगितलंस." मला फार लाज वाटली. तेव्हापासून बोनेट वर झालं की आपलं काय चुकलं, ते मी जाता जाता आठवायचो.

आता त्या दिवसाबद्दल.

पौष महिन्यात घोड्या-तट्टांच्या रक्ताचे नमुने गोळा करण्याचं काम आलं होतं. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो. तो माणसालाही होऊ शकतो, म्हणून बाधित जनावर ठेवता येत नाही. त्याला इंजेक्शन देऊन मारावं आणि खोल पुरावं लागतं. झरीजवळ एका मेंढपाळाचा मुक्काम होता. दोनशेच्या आसपास मेंढ्या आणि बिऱ्हाड वाहायला दोन घोड्या. सोपान त्याचं नाव. सोबत बायको आणि म्हातारी आई. म्हातारीला चालवत नव्हतं, मुक्काम हलताना ती घोडीवर बसायची. त्या दिवशी अप्पा रजेवर होते. मी एका शिपायासोबत गेलो. दिवस मावळत आला होता, मेंढ्या परतत होत्या, धूळ उडत होती. दोन्ही घोड्या तांबड्या, एकसारख्या, अंगावर कुठं पांढरा ठिपका नाही.

नमुन्याच्या कागदावर घोड्याची दोन चित्रं छापलेली असतात. जनावराच्या अंगावरचे केसांचे भोवरे कुठं कुठं आहेत, ते त्या चित्रावर काढायचे. तीच त्याची खरी ओळख. भोवरे शोधायला वेळ लागतो, आणि घोडी उभी राहत नव्हती. एकीच्या गळ्यात लाल गोंड्यांचा पट्टा आणि पितळी घंटी होती. मी चित्र कोरं ठेवलं आणि लिहिलं, 'क्रमांक एक, तांबडी, गळ्यात घंटी. क्रमांक दोन, तांबडी, घंटी नाही.' मला ते पुरेसं वाटलं.

माघाच्या शेवटी बाहेरच्या राज्यातल्या प्रयोगशाळेचा निकाल आला. त्याच नमुन्यावर दोन वेगळ्या चाचण्या करून त्यांनी कळवलं होतं: क्रमांक एक बाधित. क्रमांक दोन निर्दोष.

वरिष्ठांनी सकाळीच बोलावलं. मेंढ्या आता चारठाण्याच्या बाजूला गेल्याचं कळलं होतं. मी आणि अप्पांनी पुढे जाऊन मुक्काम शोधायचा आणि घंटीवाली घोडी पक्की करून ठेवायची. ते दुपारी औषध, चुना आणि माणसं घेऊन येणार होते. "आधी त्याला काही सांगू नका," त्यांनी बजावलं. "कळलं तर तो घोडी घेऊन कुठं जाईल, पत्ता लागणार नाही."

जिंतूरच्या पुढं जमीन उघडी आणि खडकाळ होत जाते. ज्वारी पिवळी पडली होती, हरभरा उपटून ठिकठिकाणी ढीग घातले होते, पळसाला फुलं आली होती. सकाळी हवेत गारवा होता आणि दहानंतर काच तापायला लागली. एरवी या रस्त्यावर अप्पा बोलत असत. त्या दिवशी नुसतं जनावर दाखवत होते.

"डावीकडं, हरणं. अकरा. त्यात एक काळवीट."

मी हरणांकडे बघत नव्हतो. माझी नजर दोन तांबड्या पाठी शोधत होती. चारठाण्यात विचारलं, तर एक जण म्हणाला मेंढरं पूर्वेला गेली, दुसरा म्हणाला पश्चिमेला. आम्ही दोन्ही वाटा पालथ्या घातल्या. बारा वाजून गेले. एका ओढ्यापलीकडे मला तांबूस-करडं काहीतरी दिसलं.

"अप्पा, घोडी."

"रोही हाय ती. मान बघा, खांद्याचा उतार बघा." त्यांनी गाडी सावकाश पुढं घेतली. "साहेब, घाईत बघितलं की सगळंच तांबडं दिसतंय."

ते सहज बोलले होते. मला मात्र ते लागलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी इंजिन बंद केलं आणि बोट केलं. माळाच्या कडेला एक लांडगा चालला होता. अंगानं बारीक, खाली मान घालून, आमच्याकडे न बघता एका रेषेत.

"हा दिवसाढवळ्या कुठं जायलाय?" मी विचारलं.

"जिकडं मेंढरं हायत तिकडं. आपल्याला माणसांनी वाट सांगितली न्हाई, हा सांगायलाय."

आम्ही लांडग्याच्या रोखानं गेलो. टेकाड ओलांडलं आणि समोर हरणांचा एक कळप चरताना दिसला. त्यांच्याच मागं, पुढचे पाय दोरीनं बांधलेल्या दोन तांबड्या घोड्या. वाऱ्यावर घंटी ऐकू आली. माझा जीव भांड्यात पडला. अप्पांनी लॉगबुक काढलं नाही. नुसतं म्हणाले, "गरीब जनावर. हरणासंगट चरायलंय."

खाली ओढ्याच्या काठी सोपानचं पाल होतं. म्हातारी चुलीपुढं बसली होती. सोपाननं ओळखलं, "डॉक्टर, लय लांब आलाव की. बसा, च्या घ्या." तो उद्या मुक्काम हलवणार होता, आवराआवर चालली होती. बोलता बोलता तो घोड्या घेऊन आला. एकीच्या गळ्यातला घंटीचा पट्टा सोडला आणि माझ्यासमोर दुसरीच्या गळ्यात बांधला.

मी विचारलं, "हे काय करतोयस?"

"पाळी बदलायलोय. आता देव धाकटीवर."

त्यांच्या सामानात देवाची एक लाकडी पेटी असते. मुक्काम हलताना ती पेटी ज्या घोडीवर, तिच्या गळ्यात घंटी. घंटी घोडीची नव्हतीच. ती देवाची होती.

"पाळी कधी बदलते?" मी विचारलं.

"तसं काय ठरलेलं न्हाई. जिचा पाय दुखत नसंल तिच्यावर देव. कवा आठ दिसाला, कवा महिन्याला."

पौषात ज्या घोडीच्या गळ्यात घंटी होती ती यातली कोणती, हे मला सांगता येत नव्हतं. दोन तासांत वरिष्ठ येणार होते. कागदावर लिहिलं होतं, घंटीवाली. आणि घंटी आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, धाकटीच्या गळ्यात गेली होती. चुकीची मेली असती तर खरी आजारी घोडी या बिऱ्हाडात राहिली असती, आणि तिच्यावर म्हातारी बसली असती.

मला एकच सोपी वाट दिसली. मी म्हणालो, "सोपान, एक सांग. पौषात, झरीच्या मुक्कामाला..."

"साहेब," मागून अप्पांचा आवाज आला, "जरा पाणी बघता का?"

बोनेट वर झालेलं होतं. मी गेलो. मी सगळं सांगितलं: कोरं चित्र, घंटी, सगळं. अप्पा इंजिनाकडे बघत ऐकत होते.

"मग त्याला काय इचारायलाव?"

"पौषात देव कोणावर होता ते. त्याला आठवत असेल."

"त्याला ठावं हाय का, आपण कशाला आलोत?"

"नाही."

"म्हंजे न सांगता इचारणार. तो सरळपणानं नाव सांगल आन् तुमी तिला माराल. हे फसवणं झालं." त्यांनी ऑइलची कांडी काढली, पुसली, परत घातली. "आन् सांगून इचारलं, तर त्याच्या तोंडानं एकीला मरायला लावायचं. खोटं बोलला तर त्याच्या आईच्या जिवाशी खेळ. चूक तुमची साहेब. जबाब त्यानं का द्यायचा?"

"मग मी काय करू?"

"ते मी ड्रायव्हरनं सांगायचं व्हय?"

मी अजून नोकरीत कायम झालेलो नव्हतो. वडिलांनी माझ्या नेमणुकीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला होता. मी अप्पांना विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर?"

अप्पांनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "मी एकदा गप बसलोय. कशापायी ते इचारू नका." आणि बोनेट खाली केलं.

फोनला रेंज फक्त टेकाडावर होती. अप्पांनी गाडी वर घेतली. मी फोन लावला.

"सर, घोड्या सापडल्या. पण माझ्या नमुन्यांची ओळख चुकीची आहे. क्रमांक एक कोणती ते सांगता येत नाही."

पलीकडे गाडीचा आवाज येत होता. "त्या मेंढपाळाला विचारा ना. त्याला माहीत असेल."

"त्याला विचारणार नाही, सर. दोन्हींचे नमुने पुन्हा घ्यावे लागतील. निकाल येईपर्यंत दोन्ही वेगळ्या ठेवू."

"मी औषध, चुना, चार माणसं घेऊन जिंतूर सोडलंय. आणि तुम्ही हे मला आत्ता सांगताय?"

"हो, सर. चूक माझीच आहे."

"लेखी द्या. मी पोचेन तेव्हा कागद तयार पाहिजे. तुम्ही अजून कायम नाही, एवढं लक्षात ठेवा."

मी जीपच्या बोनेटवर कागद ठेवून लिहायला लागलो. लिहिलं, 'गडबडीत नजरचुकीने ओळखचिन्हे नोंदवली गेली नाहीत.' अप्पांनी वाचून बघितलं.

"तुमची नजर चुकली का बघायचा कंटाळा केला?"

मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'मी भोवरे तपासले नाहीत.' सही केली. मला वाटत होतं, अप्पा बाजूला साक्षीदार म्हणून सही करतील, एखादा शब्द माझ्या बाजूनं बोलतील. त्यांनी तसं काही केलं नाही. त्यांनी फक्त पाण्याची बाटली पुढं केली.

मग खाली जाऊन मी सोपानला खरं काय ते सांगितलं. सगळं, रोगाचं नावसुद्धा. तो उठला, दोन्ही घोड्या नेऊन एकमेकींपासून लांब दोन बाभळींना बांधल्या आणि परत येऊन हात धुतले. म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"कंची हाय आजारी?"

"माहीत नाही, आई. माझ्याकडून चूक झाली."

"इतकं शिकून घंटी बघितलीस व्हय रे," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

वरिष्ठ आले, कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. त्यांच्यासमोर मी दोन्ही घोड्यांचं रक्त पुन्हा घेतलं. या वेळी हातमोजे घालून, एकेक घोडी धरून, कपाळ, मान, छाती, कूस, सगळीकडचे भोवरे हातानं चाचपून चित्रावर काढले. एका घोडीला पाऊण तास लागला. अप्पांनी घोडी धरली होती. धाकटी अस्वस्थ झाली की ते तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे. काय ते मला ऐकू आलं नाही.

निकाल येईपर्यंत सोपानला तिथून हलता येणार नव्हतं. तीन-चार आठवडे एका जागी दोनशे मेंढ्या काय खाणार? ही गोष्ट ना वरिष्ठांच्या लक्षात आली, ना माझ्या. अप्पा संध्याकाळी जवळच्या एका शेतकऱ्याकडे गेले. त्याचा हरभरा निघाला होता. "मेंढरं बसव तुझ्या रानात, फुकट खत हाय," असं सांगून त्यांनी त्याला राजी केलं. पाठोपाठ त्याच्या भावाला आणि चुलत्यालाही.

परतताना ते लॉगबुकात शेरा लिहायला विसरले. मी आठवण केली, तर म्हणाले, "आज तुमी लिहिलंत की. तेवढं बास."

त्यानंतर आठ दिवसांनी अप्पा निवृत्त झाले. निरोपाला कोणी चार शब्द बोला म्हणालं, तर ते म्हणाले, "मला गाडी चालवता येती, बोलता येत न्हाई." त्यांनी जीपची किल्ली नव्या ड्रायव्हरच्या हातात दिली आणि डाव्या ब्रेकबद्दल काहीतरी सांगितलं. मी त्यांच्यासोबत बसस्टँडपर्यंत चालत गेलो. झरीवरून जाणारी जिंतूरची बस लागली होती. ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले, डब्याची पिशवी मांडीवर. मी खिडकीपाशी उभा राहून म्हणालो, निकाल आला की फोन करतो. ते म्हणाले, "फोनवर मला धड ऐकू येत न्हाई. कागद धाडा." बस निघाली. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. ड्रायव्हरच्या खांद्यावरून समोरचा रस्ता बघत होते.

मी कागद धाडला. त्याची कच्ची प्रत माझ्याकडे आहे. तीच इथं देतो.

तीर्थरूप मन्मथअप्पा यांस साष्टांग नमस्कार.

निकाल आला. थोरली बाधित आहे. धाकटी निर्दोष. म्हणजे त्या दिवशी घंटी बघून आपण धाकटीला मारलं असतं.

काल काम उरकलं. वरिष्ठांनी विचारलं, दुसऱ्या कोणाला पाठवू का. मी नको म्हणालो. खड्डा खोल खणून घेतला होता. सोपानच्या घरच्या तिघांचंही रक्त तपासलं, ते तिघंही ठीक आहेत. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण हात आधी घोड्यांकडंच वळला.

माझ्यावर ठपका ठेवला आहे आणि कायम होणं एक वर्ष पुढं गेलं आहे. वडिलांना मी स्वतः पूर्णेला जाऊन सांगितलं. जेवायला बसताना माझं ताट त्यांनी स्वतः मांडलं.

सोपान काल मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, तुमी त्या दिवशी कारण सांगून मला इचारलं असतं, तर मी धाकटीचं नाव सांगितलं असतं. थोरली माझ्या बापानं आणलेली." मी त्याला म्हणालो, तुला विचारू दिलं नाही ते आमच्या अप्पांनी. त्यानं तुमचं गाव विचारून घेतलं आहे.

इंजेक्शन भरल्यावर त्यानं एकदाच विचारलं, "हीच का, नक्की?" मी कागद काढला, तिच्या कपाळावरचा भोवरा दाखवला, मानेवरचा, मग कुशीवरचे दोन. त्यानं प्रत्येक ठिकाणी स्वतः बोट लावून बघितलं. तिनं मान हलवली नाही. मग मी म्हणालो, "हीच."

त्यानं तिचा दोर माझ्या हातात दिला.

आपला नम्र,
डॉक्टर